सहीची रक्कम आणि हाती पडणारी रक्कम

बँकेच्या सेवेत झालेल्या बदल्यांमुळे देशाचे जे थोडेफार दर्शन घडले, त्यात लखनौमधील काही वर्षे माझ्या विशेष स्मरणात आहेत. मराठी माणसाला ते शहर सर्वस्वी परके वाटत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तेथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज कैसरबागेत विद्यापीठाच्या रूपाने नांदत आहे. त्याचा उल्लेख या लेखात पुढे पुन्हा यायचाच आहे.

आमच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांची वर्दळ फार असे. त्यांत एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक होते. पासबुकात नोंद करून घेतल्यावर ते पासबुक लगेच पिशवीत टाकत नसत. बाकावर बसून प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत आणि मगच उठत. एकदा मी सहज कारण विचारले. त्यांनी सांगितले ते असे, की त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पगारपत्रकावर सही एका रकमेसमोर होई आणि हाती पडे ती रक्कम निराळीच असे. लिहिलेला आकडा आणि मिळालेला आकडा एकच आहे, हे डोळ्यांनी पाहण्याची सवय त्यांना तेव्हापासून जडली होती.

शिक्षक संघटना या विषयाकडे पाहण्याची एक दृष्टी मला त्या दिवशी लाभली. वृत्तपत्रांतून आपल्याला संघटना दिसते ती मोर्चा, धरणे आणि परीक्षेच्या कामावरील बहिष्कार यांच्या बातम्यांतून. ‘यांना पगारवाढीशिवाय दुसरे काही सुचत नाही,’ असा शेरा मारून अनेक पालक मोकळे होतात. शिक्षकांची बाजू घेणारेही बहुधा घोषणांच्याच भाषेत बोलतात. माझ्या मते संघटनेच्या कार्याचे मोजमाप एका साध्या कसोटीवर करावे. सभासदाने सही केलेली रक्कम आणि त्याच्या हाती पडलेली रक्कम यांतील अंतर तिने किती कमी केले? ही कसोटी वेतनाला जशी लागू पडते, तशीच ती विम्याला, कर्जाला, निवृत्तिवेतनाला आणि थोडा विचार केल्यास शिक्षकाच्या अभ्यासालाही लागू पडते.

एका खात्याची कथा

उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी व्यवस्थापनांच्या अनुदानित शाळा व इंटर कॉलेजे यांनी उचलला. शासन अनुदान देई, व्यवस्थापन ते स्वीकारी आणि शिक्षकाचे वेतन व्यवस्थापकाच्या हातून मिळे. पैसा ज्या मार्गाने जातो, त्या मार्गावर जितके हात अधिक, तितकी गळती अधिक, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. महिनोन्महिने वेतन थकणे, पूर्ण रकमेवर सही घेऊन कमी रक्कम देणे, उरलेली रक्कम संस्थेला देणगी म्हणून दाखविणे, हे प्रकार तेव्हा सर्रास चालत. तक्रार करणाऱ्याची नोकरीच जाण्याचा धोका असल्याने एकट्या शिक्षकाला तोंड उघडणे शक्य नव्हते.

उत्तर प्रदेश माध्यमिक शिक्षक संघाने हा प्रश्न हाती घेतला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या संघाने दीर्घ आंदोलन केले आणि अनेक शिक्षकांनी तुरुंगवासही पत्करला. या मागणीची फलश्रुती म्हणजे १९७१ चा वेतन प्रदान कायदा होय. हायस्कूल व इंटर कॉलेजांतील शिक्षक आणि अन्य कर्मचारी यांच्यासाठी असलेल्या या कायद्याने वेतनाचे दायित्व राज्य शासनावर टाकले. त्याचबरोबर प्रत्येक संस्थेचे वेतनासाठी स्वतंत्र खाते असावे आणि ते व्यवस्थापनाचा प्रतिनिधी व जिल्हा विद्यालय निरीक्षक यांच्या बाजूने संयुक्तपणे चालवले जावे, अशी तरतूद केली.

कायद्याची भाषा बाजूला ठेवून बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एवढ्या मोठ्या लढ्याची परिणती एका संयुक्त खात्यात झाली. दोन सह्यांवाचून पैसा हलणार नाही आणि तो हलला की त्याची नोंद राहील, ही व्यवस्था आपल्याला आज अगदी साधी वाटते. तिने हजारो शिक्षकांना व्यवस्थापकाच्या मर्जीतून मुक्त केले. महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम खात्यात येऊ लागली, तेव्हाच शिक्षक घरासाठी कर्ज मागू शकला, मुलांच्या शिक्षणाचे नियोजन करू शकला आणि बँकेच्या दृष्टीने पत असलेला ग्राहक ठरला. पगाराची रक्कम वाढणे महत्त्वाचे खरेच. परंतु पगाराची शाश्वती ही त्याहून मोठी संपत्ती आहे.

या चळवळीतील एक प्रमुख नाव म्हणजे मेरठचे ओमप्रकाश शर्मा. शिक्षक मतदारसंघातून निवडून येऊन सुमारे अर्धशतक ते विधान परिषदेत बसले. २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये ते निवर्तले. संविधानाच्या अनुच्छेद १७१ अन्वये विधान परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या असतात. उत्तर प्रदेशात अशा ८ जागा आहेत, महाराष्ट्रात ७. वर्गात शिकवणाऱ्याचा प्रतिनिधी थेट कायदेमंडळात असावा, ही सोय आपल्या देशातील मोजक्याच राज्यांतील शिक्षकांना लाभली आहे.

महाराष्ट्रातही खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना १९७७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. अगदी अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर मुंबईतील शिक्षकांचे राष्ट्रीयीकृत बँकेतून होणारे वेतन जिल्हा सहकारी बँकेकडे वळवण्याचा निर्णय २०१७ साली झाला, तेव्हा ‘शिक्षक भारती’ने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ साली तो निर्णय रद्द ठरला. राष्ट्रीयीकृत बँकेच्या मासिकात या घटनेचा उल्लेख करताना आमच्या व्यवसायाचा स्वार्थ दिसू शकेल, याची मला जाणीव आहे. मुद्दा मात्र बँक कोणती हा नाही. आपला पैसा कोठून, कसा व केव्हा यावा, याविषयी शिक्षकाला बोलता आले पाहिजे आणि ते बोलणे संघटनेमुळेच शक्य होते.

संकटकाळातील यादी

वेतन ही नित्याची बाब झाली. संघटनेची खरी परीक्षा संकटात होते. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका चार टप्प्यांत पार पडल्या आणि २ मे रोजी मतमोजणी झाली. या कामावर मोठ्या संख्येने प्राथमिक शिक्षकांची नियुक्ती झाली होती. प्रशिक्षण, मतदान आणि मतमोजणी यांच्या गर्दीतून परतलेले अनेकजण आजारी पडले आणि त्यांतले कित्येक परत उठले नाहीत.

उत्तर प्रदेशीय प्राथमिक शिक्षक संघाने या काळात केलेले काम कोणत्याही मोर्चापेक्षा मोलाचे होते. संघाने यादी केली. जिल्ह्याजिल्ह्यांतून नावे गोळा करून प्रथम ७०६ आणि १६ मे २०२१ पर्यंत १,६२१ मृत शिक्षक व कर्मचाऱ्यांची यादी शासनापुढे ठेवली. शासनाच्या नोंदीत त्या वेळी असे मृत्यू केवळ ३ होते. निवडणुकीच्या कामासाठी घराबाहेर पडल्यापासून घरी परतेपर्यंत झालेला मृत्यूच कर्तव्यावरील मृत्यू समजावा, असा जुना नियम होता आणि संसर्गजन्य रोगाला तो नियम लागू करणे म्हणजे जवळजवळ सर्वांनाच वगळणे होते. नियमावर बोट ठेवून प्रश्न मिटला असता. यादी समोर होती म्हणून तो मिटला नाही. पुढे नियमात बदल होऊन निवडणुकीच्या कामानंतर ३० दिवसांच्या आत झालेले मृत्यू धरले गेले आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे प्रत्येकी ३० लाख रुपयांच्या साहाय्यास पात्र ठरली.

गेलेले माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. तरीही ज्या घरातील कर्ता गेला, त्या घरात पुढच्या महिन्याचे घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता हे प्रश्न तसेच उभे असतात. अशा वेळी आपल्या माणसाचे नाव कोणीतरी लिहून ठेवले आहे, ही गोष्ट कुटुंबाला किती आधार देते, हे दावा निकालात काढण्याच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक बँक कर्मचाऱ्याला ठाऊक आहे.

मदतीचा ओघ आणि विम्याची शिस्त

त्याच महामारीच्या काळात, २०२० साली, उत्तर प्रदेशातील काही शिक्षकांनी ‘टीचर्स सेल्फ केअर टीम’ या नावाने एक उपक्रम सुरू केला. रूढ अर्थाने ही संघटना नव्हे. मात्र शिक्षकांनी शिक्षकांसाठी उभारलेल्या आर्थिक आधाराचे ते उल्लेखनीय उदाहरण आहे. सभासद शिक्षकाचे निधन झाल्यास इतर सर्व सभासद ठरावीक अल्प रक्कम थेट त्याच्या वारसाच्या बँक खात्यात जमा करतात. मध्यस्थ निधी नाही, धनादेश काढणारा पदाधिकारी नाही. सभासदसंख्या लाखांच्या घरात गेल्यामुळे प्रत्येकाच्या खिशाला जाणवणारही नाही अशा रकमेतून एका कुटुंबासाठी लाखो रुपये उभे राहतात. जो सहकार्य करीत नाही, त्याचा स्वतःचा हक्क जातो. मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवण्याची सोय नसती, तर ही कल्पना कागदावरच राहिली असती.

या उपक्रमाचे कौतुक करताना एका जुन्या बँकरची सावधगिरीही नोंदवतो. ही मदत आहे, विमा नव्हे. विमा कंपनीला राखीव निधी ठेवावा लागतो आणि तिच्यावर नियामकाची देखरेख असते. परस्पर मदतीचा डोलारा उद्याच्या सभासदाच्या इच्छेवर उभा असतो. सभासदांचे सरासरी वय वाढत गेले आणि मृत्यूंची संख्या वाढली, की प्रत्येकाचा वाटा वाढतो किंवा प्रत्येक कुटुंबाचे साहाय्य घटते. म्हणून अशी मदत ही विम्याला जोड असावी, पर्याय असू नये. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते, सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो आणि अनेक बँकांच्या वेतन खात्यांशी अपघात विमा जोडलेला असतो. हे आपल्या खात्याला लागू आहे की नाही, याची विचारणा किती शिक्षक करतात? संघटनेने वर्षातून एकदा एवढी चौकशी करवून घेतली, तरी पुष्कळ साधेल.

महाराष्ट्राची परंपरा याबाबतीत निराळी आणि अधिक जुनी आहे. पगारदारांच्या पतसंस्था आणि शिक्षकांच्या बँका हे आपल्या सहकाराचे एक वैशिष्ट्य आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या बँका सर्वपरिचित आहेत. हप्ता पगारातूनच कापला जात असल्याने वसुली चोख, सभासद एकमेकांचे जामीनदार असल्याने चौकशी सोपी आणि सावकाराच्या दारात जाण्याची वेळ नाही, हे या व्यवस्थेचे मोठे गुण आहेत. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्जाचा भार वारसावर पडू नये, म्हणून कित्येक संस्थांनी स्वतंत्र निधी ठेवला आहे. परदेशातही अशी उदाहरणे आढळतात. ब्रिटनमध्ये शिक्षकांना घर घेता यावे म्हणून राष्ट्रीय शिक्षक संघटनेच्या पाठबळावर १९६६ साली ‘टीचर्स बिल्डिंग सोसायटी’ स्थापन झाली.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. शिक्षक बँकांच्या निवडणुका संघटनांच्या गटांमध्ये लढवल्या जातात आणि कर्जमर्यादा वाढवण्याचे आश्वासन हा प्रचाराचा हमखास मुद्दा असतो. परिणामी एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, दुसरे फेडण्यासाठी तिसरे, अशी साखळी तयार होते. सर्व कपाती वजा जाता घरी नेण्यासाठी फारच थोडे उरते. पगारपत्रकावरील रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांतील अंतर पूर्वी व्यवस्थापक निर्माण करीत असे. आता ते आपण स्वतःच निर्माण करतो आणि त्यावर सहीही आपणच करतो. निम्म्याहून अधिक पगार हप्त्यांत जात असेल, तर आणखी कर्ज नाकारणारी संस्था ही सभासदाची खरी हितचिंतक होय. असा नकार देण्याचे धैर्य निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या मंडळींनी दाखवले, तरच त्यांना नेते म्हणता येईल.

उतारवयाची तरतूद

निवृत्तिवेतनाचा प्रश्न आज शिक्षकांच्या मनात सर्वांत खोल रुतलेला आहे. उत्तर प्रदेशात १ एप्रिल २००५ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाला आयुष्यभर निश्चित रक्कम आणि दुसऱ्याला बाजाराशी निगडित रक्कम, अशी स्थिती आली. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौत जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनात लाठीमार झाला आणि एका शिक्षकाचा मृत्यू ओढवला. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये शिक्षकांसह राज्य कर्मचाऱ्यांनी याच मागणीसाठी संप केला.

धोरण काय असावे, यावर मतभेद होऊ शकतात आणि राज्याच्या तिजोरीचा विचारही करावा लागतो. एका गोष्टीवर मात्र दुमत होऊ नये. जी योजना लागू आहे, तिचा हिशेब तरी चोख असला पाहिजे. खाते क्रमांक वेळेत न निघणे, पगारातून कपात होऊनही रक्कम उशिरा जमा होणे, शासनाच्या हिश्श्याचा मेळ न लागणे, या तक्रारी दोन्ही राज्यांतून ऐकू आल्या आहेत. गुंतवणुकीत गेलेली चार-पाच वर्षे पुढे कोणत्याही आदेशाने पूर्णपणे भरून येत नाहीत, कारण त्या काळातील वाढ निघून गेलेली असते. जुन्या योजनेसाठी लढत असतानाच नव्या योजनेतील प्रत्येक सभासदाचे वार्षिक विवरण तपासून घेणे, हे संघटनेचे तितकेच निकडीचे काम आहे.

चिकाटीने हिशेब मागितला की काय घडते, याचे एक उदाहरण गुजरातमधून आले. खासगी शाळांतील शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळावी, म्हणून अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००४ साली निकाल विरोधात लागला. तत्कालीन कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नव्हता. न्यायालयात हरलेली बाजू पुढे संसदेत जिंकली. २००९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. विनाअनुदानित शाळांतील असंख्य शिक्षकांना या लढ्याचा लाभ झाला. त्यांपैकी अनेकांना तो कोणामुळे झाला, हे ठाऊकही नसेल.

अपुरे राहिलेले काम

आतापर्यंतचे विवेचन पैशाचे झाले. शिक्षकाची व्यावसायिक उन्नती या दुसऱ्या अंगाकडे वळताना मात्र संघटनांच्या खात्यात जमेपेक्षा येणेच अधिक दिसते, हे खेदाने नमूद करावे लागते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. प्रत्यक्षात प्रशिक्षण म्हणजे वरून आलेला आदेश, हजेरीपटावरील सही आणि भोजनानंतरची सुस्ती, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. येथेही सही एका गोष्टीवर होते आणि हाती पडते ती निराळीच. शिक्षक संघटनांची अधिवेशने मोठी भरतात. त्यांत मंत्र्यांची भाषणे होतात, ठराव होतात. वर्गात अपूर्णांक कसे शिकवावेत, वाचनात मागे पडलेल्या मुलाला पुढे कसे आणावे, यावर सत्रे क्वचितच होतात.

हे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवून विज्ञानशिक्षणाला जी गोडी आणली, ती शिक्षकांनी स्वेच्छेने उभारलेल्या कामाची साक्ष आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षक केंद्रे सुरू केली आणि अनुभवी शिक्षकांनी नवख्यांना वर्गात जाऊन साहाय्य करण्याची पद्धत रुजवली. खुद्द लखनौचे उदाहरण तर डोळ्यांपुढेच आहे. भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्यानंतरच्या दशकात लखनौतही अशा परिषदा झाल्या. आपापल्या घराण्याची विद्या जपून ठेवणारे गवई-वादक एका व्यासपीठावर आले, राग-रूपांवर चर्चा झाली आणि त्यातूनच १९२६ चे महाविद्यालय उभे राहिले. व्यवसायाची उन्नती त्या व्यवसायातील माणसे एकत्र बसून आपली विद्या खुली करतात तेव्हा होते, हा धडा त्या शहराने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे.

आज या धड्याची निकड का आहे, तेही सांगतो. महाराष्ट्र आणि तमिळनाडूतील प्रकरणांवर १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमले गेलेलेही त्यातून सुटले नाहीत. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यांना सेवेत राहण्याची सवलत मिळाली, परंतु पदोन्नतीसाठी परीक्षा आलीच. या निकालाने उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील शिक्षकांची झोप उडाली. संघटना रस्त्यावर आल्या, शासनांनी पुनर्विचाराची पावले उचलावीत अशी मागणी झाली आणि उत्तर प्रदेश शासनाने तशी याचिका करण्याचे निर्देशही दिले.

वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणे कितपत न्याय्य, या प्रश्नावर शिक्षकांची वेदना मला समजते. नेमणूक झाली त्या वेळच्या नियमांची पूर्तता त्याने केलेली होती. त्याच्या घरावर कर्ज आहे, मुलगी महाविद्यालयात आहे आणि नोकरी परीक्षेच्या निकालावर अवलंबून आहे. संघटनेने न्यायालयात व शासनदरबारी त्याची बाजू अवश्य मांडावी. परंतु केवळ आशेवर दोन वर्षे घालवणे हा त्या कुटुंबाच्या भवितव्याशी खेळ ठरेल. एका हाताने निवेदन देतानाच दुसऱ्या हाताने संघटनेने तालुक्या-तालुक्यात अभ्यासवर्ग सुरू केले पाहिजेत. नुकतेच परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेले तरुण शिक्षक आणि वर्गाचा दीर्घ अनुभव असलेले ज्येष्ठ शिक्षक शनिवारी दुपारी एकत्र बसले, तर पहिल्यांना अनुभव मिळेल आणि दुसऱ्यांना परीक्षेची तयारी. बालमानसशास्त्राचे पुस्तक त्या निमित्ताने पुन्हा उघडले गेले, तर नुकसान कोणाचेच नाही.

या वाटेवर एक मोठी अडचण आहे ती गटबाजीची. उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षक संघ आज नेत्यांच्या आडनावांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांत विभागला गेला आहे. आपल्याकडेही एका जिल्ह्यात तीन-चार संघटना सहज सापडतात. १९८२ च्या कायद्याने उत्तर प्रदेशात शिक्षकांच्या निवडीसाठी मंडळ स्थापन झाले होते आणि बडतर्फीपूर्वी त्याची मान्यता आवश्यक होती. २०२३ च्या कायद्याने त्या मंडळाची जागा नव्या निवड आयोगाने घेतली, तेव्हा ते जुने संरक्षण गेल्याची तक्रार सर्व गटांनी केली. ती एका आवाजात झाली असती, तर अधिक ऐकू गेली असती. पदे वेगळी राहू द्यावीत, झेंडेही वेगळे राहोत. अभ्यासवर्ग, विम्याची तपासणी आणि खात्यांचा मेळ ही कामे तरी समाईक असावीत.

आपण काय करू शकतो

वाचकहो, या मासिकाच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य आहेत आणि बँकेचे कर्मचारीही आहेत. दोघांनाही एक सूचना करावीशी वाटते. दर वर्षी ५ सप्टेंबरच्या आठवड्यात शिक्षक संघटनेची तालुका शाखा आणि बँकेची शाखा यांनी मिळून ‘खाते तपासणी दिन’ पाळावा. वेतनचिठ्ठी आणि पासबुक यांतील रकमा जुळतात का, निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी पूर्ण जमा झाली आहे का, कर्जाचे एकूण हप्ते पगाराच्या किती प्रमाणात आहेत, विम्याचा हप्ता खात्यातून गेला आहे का आणि नामनिर्देशन अद्ययावत आहे का, या पाच गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. लग्नापूर्वी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिल्याने पत्नीची पुढे धावपळ झाल्याची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. दहा मिनिटांचे काम न केल्याने ती ओढवतात.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना या दिवसाचे निमंत्रण आवर्जून द्यावे. उत्तर प्रदेशात त्यांना वित्तविहीन शिक्षक म्हणतात. तेथे त्यांच्यासाठी काही काळ अल्पसे मानधन सुरू झाले आणि बंदही पडले. ज्या अनुभवातून अनुदानित शिक्षक १९७१ साली बाहेर पडला, त्याच अनुभवात हा वर्ग अजून उभा आहे. स्वतःला मिळालेली शाश्वती शेजाऱ्यालाही मिळावी, असे ज्या दिवशी संघटनेला वाटेल, त्या दिवशी तिची नैतिक उंची आपोआप वाढेल.

लखनौच्या त्या वृद्ध शिक्षकांना मी एकदा विचारले होते, की निवृत्तीनंतरही संघटनेची वर्गणी ते का भरतात. ते हसले आणि पासबुक माझ्यापुढे धरले. उत्तर पुरेसे होते. आज लिहिताना मला त्यात एक भर घालावीशी वाटते. शिक्षकाची सही पगारपत्रकावर असते, तशी ती विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावरही असते. तेथे लिहिलेले आणि मुलाच्या हाती खरोखर पडलेले, या दोहोंत अंतर राहू नये, यासाठी शिक्षकाला साहाय्य करणे हेही संघटनेचेच काम आहे. पहिल्या सहीसाठी संघटना अर्धशतकाहून अधिक काळ लढली. दुसऱ्या सहीसाठी ती तेवढ्याच निष्ठेने उभी राहिली, तर पालकांच्या मनातील शंका पुसण्यासाठी तिला वेगळी घोषणा द्यावी लागणार नाही.